शिरोळपर्यंत पोहोचलेली चित्रं

कवितेचं पुस्तक शिरोळला येतं तेव्हा कविता पूर्ण येते. मुंबईच्या वाचकाच्या हातात जी कविता असते तीच, काना-मात्रेसकट, माझ्याही हातात असते. चित्राचं तसं होत नाही. चित्रकलेवरचं पुस्तक येतं तेव्हा चित्र मागेच राहिलेलं असतं, कुठल्या तरी संग्रहालयाच्या भिंतीवर. आपल्याकडे येते ती त्याची खबर : तळहाताएवढा छापील चौकोन आणि त्याच्याभोवती कुणीतरी लिहिलेलं मराठी. नवे कवितासंग्रह आणि आधुनिक चित्रकलेवरची पुस्तकं यांच्या संगतीत माझी बरीच वर्षं गेली. दोन्ही कशी वाचायची, हे मला या फरकानंच शिकवलं.

मी चित्रकला शिक्षक. कोल्हापुरात एटीडी ही कलाशिक्षकाची पदविका घेतली आणि शिरोळ तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत लागलो. नोकरीभर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी मुलं घडवली : वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेत वाढलेल्या माणसाच्या डोळ्याला एक वळण असतं. आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रं, बाबूराव पेंटरांची व्यक्तिचित्रं, त्यांच्यामागून आलेल्या पिढ्यांचं जलरंगावरचं प्रभुत्व. या परंपरेचा मला अभिमान आहे. पाणी ओलं दिसलं पाहिजे आणि कातडीखाली रक्त आहे हे कळलं पाहिजे, ही तिची मागणी साधी नाही. पण ज्या चित्रात ओळखीचं काहीच नाही त्याच्यासमोर उभं कसं राहायचं, हे तिनं आम्हाला सांगितलं नव्हतं. ते मी पुस्तकांतून शिकलो, आणि त्यातही आधी कवितेच्या.

कवितेकडे येण्याचं निमित्त अगदी व्यवहारी होतं. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीसाठी मी पुस्तक परिचय लिहायचो. आत्मचरित्रं आणि कादंबऱ्या लगेच उचलल्या जात. कवितासंग्रह टेबलावर पडून राहत. ते मी मागून घेतले. एकदा नाव छापून येऊ लागलं की पुस्तकं आपल्या पावलांनी घरी येतात. पोस्टानं येतात, नृसिंहवाडीला दर्शनाला निघालेल्या कुणाच्या तरी हाती येतात, शाळेच्या गेटवर शिपायाकडे ठेवलेली असतात. पहिल्या पानावर ‘सस्नेह भेट’ आणि खाली बारीक अक्षरात ‘अभिप्राय कळवावा’. त्यातले कितीतरी संग्रह पदरचे पैसे घालून काढलेले असतात आणि उरलेले गठ्ठे घराच्या माळ्यावर असतात. अशा पुस्तकाला चार गोड शब्द लिहून मोकळं होणं सोपं असतं. पण ज्यानं पोटाला चिमटा घेऊन पुस्तक काढलंय त्याला गोड शब्दांपेक्षा नीट वाचणारा माणूस हवा असतो, हे मला लवकर कळलं. ज्या परिचयांत मी दोष स्पष्ट दाखवले, त्यांचेच कवी पुढचं हस्तलिखित घेऊन घरी आले.

वाचायची माझी एक रीत ठरून गेली. प्रस्तावना आणि मलपृष्ठ शेवटी. आधी सगळा संग्रह मोठ्यानं वाचायचा, कुठेही न थांबता. मग पेन्सिल घेऊन. दुसऱ्या वाचनात मी एकच शोधतो : या माणसानं स्वतःच्या डोळ्यानं काय पाहिलंय?

हा प्रश्न मला वर्गानं दिला. टेबलावर तांब्या ठेवला आणि काढायला सांगितलं की नवीन मूल तांब्याचं तोंड पूर्ण गोल काढतं. तोंड गोल असतं हे त्याला माहीत असतं. पण बाकावरून ते लंबगोल दिसतं, आणि मागच्या बाकावरून आणखीच चपटं. मूल माहितीचं चित्र काढतं, दिसण्याचं काढत नाही. नव्या कवितांत मला तोच गोल तांब्या वारंवार भेटला. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ १९६७ साली आल्या, पुढे इंद्रजित भालेरावांचं ‘पीकपाणी’ आलं, आणि शेतातला माणूस स्वतःच्या बोलीत कविता लिहू शकतो हे सिद्ध झालं. नंतर आलेल्या अनेकांनी त्यांचे शब्द उचलले, त्यांचं पाहणं राहून गेलं. बाप, माय, ढेकूळ, घाम, फास. हे शब्द खरे आहेत, त्यांच्यामागचं दुःखही खरं आहे. पण पानोपानी तेच आले की त्यांच्यातून कुणाचंच घर दिसत नाही.

एकदा नदीकाठच्या गावातला एक तरुण वही घेऊन आला. आमच्या तालुक्यात पाणी आणि खत यांचा मारा होऊन हजारो एकर जमीन क्षारपड झाली आहे. वर पांढरा थर येतो, उसाचं बेणं कुजून जातं, आणि कागदोपत्री बागायतदार असलेला माणूस दुसऱ्याच्या रानात कामाला जातो. त्याच्या वहीत बापावरच्या कविता भरपूर होत्या. आणि मध्येच एक छोटी कविता होती. तिच्यातली आजी रानात उकिडवी बसते, नखानं पांढरा थर खरवडते, जिभेला लावते आणि काही न बोलता पदराला हात पुसते. मी वही मिटली आणि म्हटलं, “तुझा संग्रह इथून सुरू होतो.”

तो जरा दुखावला. “सर, बाकीच्या वायट हाईत का?”

“वाईट नाहीत. त्या तू न लिहिताही कुणीतरी लिहिल्या असत्या. ही दुसऱ्या कुणाला लिहिता आली नसती.”

बरेच महिने तो फिरकला नाही. आला तेव्हा वही निम्मी झाली होती आणि त्या आजीच्या आजूबाजूला नव्या कविता उभ्या राहिल्या होत्या : चर खणणारी माणसं, पाइपातून निथळणारं खारं पाणी, तपासणीसाठी पिशवीत भरून नेलेली माती. प्रकाशकानं पानं कमी पडतात म्हणून जुन्या कविता घालायला सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. पुस्तक बारीक निघालं. माझ्या कपाटात त्याची जागा मोठ्या नावांच्या शेजारी आहे आणि ती मी विचार करून दिली आहे.

चित्रकलेच्या पुस्तकांकडे मी हीच पेन्सिल घेऊन गेलो. चित्रकार प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हातात आलं तेव्हा वर्गात शिकवून शिकवून मी वस्तुचित्राला सरावलो होतो. बरवे तरुणपणी बनारसच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. शेजारच्या इचलकरंजीत मागांचा खडखडाट ऐकत मोठे झालेल्या आम्हा लोकांना त्यामुळे ते परके वाटले नाहीत. घड्याळ, पान, चिमटा असल्या साध्या वस्तू ते चित्रात ठेवतात आणि त्यांच्यातल्या मोकळ्या जागेला वस्तूइतकंच महत्त्व देतात. पुस्तकात ते याच गोष्टींचा विचार करतात : वस्तू, आकार, अवकाश. आणि तो विचार एका चित्रकारानं थेट मराठीत केलेला आहे. कुठून आणलेल्या कल्पनांना मराठी झूल घातलेली नाही. पहिल्या वाचनात मला निम्मंच उमगलं. पण दुसऱ्या दिवशी वर्गात मी किटली ठेवली आणि मुलांना सांगितलं, आज किटली काढायची नाही. कडी आणि झाकण यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे, तेवढीच काढा. मुलं गोंधळली, हसली, मग शांत झाली. तासाच्या शेवटी शीटवर त्या मोकळ्या जागा होत्या, आणि त्यांच्याभोवती न काढलेली किटली बिनचूक उभी होती. त्यानंतर परीक्षेच्या ग्रेडही सुधारल्या, हेही सांगून टाकतो, कारण मुख्याध्यापकांना पटायला तेवढंच उपयोगी पडलं.

मराठीत चित्रकलेवर लिहिलं गेलंय ते थोडं नाही. माधुरी पुरंदरे यांचं ‘पिकासो’, प्रभाकर कोलते यांचं ‘कलेपासून कलेकडे’, मूळ कोल्हापूरच्या बाबूराव सडवेलकरांचं ‘महाराष्ट्रातील कलावंत : आदरणीय आणि संस्मरणीय’, अच्युत गोडबोले आणि दीपा देशमुख यांचं ‘कॅनव्हास’, ‘चिन्ह’नं काढलेला ‘गायतोंडे’ हा देखणा ग्रंथ, सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला दृश्यकला कोश. यातलं एकेक पुस्तक मिळवायला मी कोल्हापूर-सांगलीच्या फेऱ्या केल्या आहेत. पण एक तक्रार मनापासून आहे, ती एकूण या प्रकारच्या लेखनाबद्दल. चित्रकाराचं आयुष्य आम्ही फार चवीनं लिहितो : त्याची गरिबी, त्याच्या प्रेमकथा, कापलेला कान, लिलावातली किंमत. आणि चित्रापाशी आलो की दोन विशेषणं टाकून पुढे जातो. ‘गूढ’, ‘तरल’. ज्या वाचकाला मूळ चित्र दिसणार नाही, त्याला त्या विशेषणांतून काय मिळणार? त्याला कुणीतरी सांगायला हवं की डावीकडे काय आहे, उजेड कुठून येतो, किती मोठं आहे, रंग जाड आहे की पातळ. माझ्या लेखी चित्रावर लिहिणाऱ्याचं पहिलं कर्तव्य हेच. मत नंतर.

म्हणून मी एक प्रयोग नेमानं करत आलो. नववीच्या मुलांसमोर पुस्तकातलं चित्राचं वर्णन वाचायचं, चित्र झाकून ठेवायचं, आणि मुलांनी ऐकून रेखाटायचं. लेखकानं नीट पाहिलं असेल तर मुलांच्या शीटवर काहीतरी सारखं उमटतं. विशेषणांची भर असेल तर मुलं पेन्सिल तोंडात घालून बसतात.

‘गेर्निका’च्या वेळी मात्र शीट पुरली नाही. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधल्या त्या गावावर विमानांनी बॉम्ब टाकले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनासाठी पिकासोनं हे चित्र केलं. काळा, पांढरा, करडा. किंचाळणारा घोडा, बैल, मेलेलं मूल घेतलेली आई, दिवा धरून खिडकीतून आलेला हात, वर विजेचा दिवा. मी सांगत होतो, मुलं काढत होती. मग मी माप सांगितलं : साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर लांब. एका मुलीनं विचारलं, “म्हणजे केवढं, सर?” फळ्याशी तुलना करून भागेना. शेवटी आम्ही मैदानावर गेलो. पीटीच्या सरांकडून टेप आणि फक्कीची पाटी घेतली आणि जमिनीवर तो चौकोन आखला. आखून झाल्यावर कुणी न सांगता मुलं आत जाऊन उभी राहिली.

“सर, ह्यात आमचा सगळा वर्ग मावतोय की!”

“आणि घोडा? घोडा केवढा मग?”

घोडाही फक्कीनं आखला. एका मुलानं त्याच्या डोक्यापाशी झोपून पाहिलं आणि तो तसाच पडून राहिला. पुस्तकात हे चित्र आडव्या पोस्टकार्डाएवढं होतं. तेवढ्या चित्राकडे आपण वरून बघतो. त्या दिवशी मुलं चित्राच्या आत होती. बॉम्ब पडल्यावर माणूस आत असतो, हे मला बोलून सांगावं लागलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी पुन्हा अरुण कोलटकरांचं ‘भिजकी वही’ काढलं. कोलटकर कोल्हापुरात जन्मलेले, जे. जे.मध्ये चित्रकला शिकलेले, जाहिरातीच्या क्षेत्रात ग्राफिक डिझायनर म्हणून नावाजलेले. ‘प्रास प्रकाशना’नं २००३ साली काढलेल्या या ग्रंथात जगभरच्या, सगळ्या काळांतल्या रडणाऱ्या बाया आहेत : इसिस, हिपेशिया, कण्णगी. आणि त्यांच्यात डोरा आहे. डोरा मार ही स्वतः छायाचित्रकार. ‘गेर्निका’ घडत असताना तिनं त्याच्या टप्प्याटप्प्यांचे फोटो काढले, आणि त्याच वर्षी पिकासोनं ‘रडणारी बाई’ रंगवली ती तिच्यावरून. ते चित्र जेमतेम दोन फूट उंच आहे. चित्रकलेच्या पुस्तकांत ती पिकासोच्या आयुष्यात येऊन गेलेल्या बायकांच्या यादीत असते. कोलटकर तिला त्या यादीतून काढतात आणि इतर रडणाऱ्या बायांच्या रांगेत आणून बसवतात. तिथं पिकासो पाहुणा होतो. कवितेनं चित्राशी काय करावं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. चित्राचं वर्णन सुंदर शब्दांत पुन्हा करणं हे कवितेचं काम नाही. त्यातल्या माणसाला दुसरीकडे नेऊन उभं करणं हे तिला जमतं. ज्या कविता मला चित्रांवर लिहिलेल्या म्हणून पाठवल्या जातात, त्यांना मी हल्ली हेच माप लावतो.

२०१९च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन लागलं. जयसिंगपूरहून महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून गेलो. जी चित्रं मी वर्षानुवर्षं छपाईत पाहिली होती ती समोर होती. छपाईत सपाट दिसणारा रंग प्रत्यक्षात एनॅमलचा होता, गुळगुळीत, किंचित चमकणारा. मी बाजूला सरकलो की त्यावर माझी सावली सरकायची. दोन वस्तूंच्या मधली जागा, जिच्याबद्दल मी मुलांना इतकं बोललो होतो, ती नुसती रिकामी नव्हती. तिला तापमान होतं असं म्हणावंसं वाटतं. एका चित्रासमोर मी इतका वेळ उभा राहिलो की पहारेकऱ्यानं खुर्ची आणून दिली. तरीही सांगतो : बरव्यांचं पुस्तक आधी वाचलेलं नसतं तर मी त्या दालनातून अर्ध्या तासात बाहेर पडलो असतो. त्या चित्रासमोर थांबायची ताकद मला त्यांच्याच मराठीनं दिली होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. २००५चा पूर पाहिलेल्या आम्हाला वाटलं होतं की पाण्याची खूण माहीत आहे. पाणी त्या खुणेच्या वर गेलं. आम्ही नातेवाइकांकडे होतो. आठवडा उलटल्यावर घरी आलो तेव्हा कपाटाचे खालचे तीन कप्पे चिखलात होते. मग एक गोष्ट पाहिली, जी कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती. कवितासंग्रह साध्या कागदावर छापलेले असतात. ते फुगले, वाकडे झाले, पण पंख्याखाली उभे करून, पानांत वर्तमानपत्र घालून, सावलीत वाळवले आणि पान न पान सुटं झालं. चित्रांची पुस्तकं ग्लेज कागदावर. त्या कागदावर चिनी मातीचा लेप असतो. तो पाण्यात मऊ, चिकट होतो आणि वाळताना पानं एकमेकांना कायमची चिकटतात. त्यांच्या विटा झाल्या. सुरी घालून एक वीट उघडायचा प्रयत्न केला तर एका चित्राचा रंग दुसऱ्याच्या पाठीवर निघून आला. जुन्या मराठी पुस्तकांत मजकूर साध्या कागदावर आणि चित्रांची पानं वेगळी, मध्ये शिवलेली असत. त्यांतला मजकूर वाचला आणि चित्रं गेली.

त्या पुस्तकांवर मी नंतरही शिकवलं. चित्राच्या जागी खपली असायची आणि बाजूला लेखकाचं वर्णन शाबूत असायचं. ज्यांनी पाहून लिहिलं होतं त्यांची चित्रं त्या पानावर अजून दिसत होती. ज्यांनी विशेषणं लिहिली होती त्यांच्या पानावर काही उरलं नव्हतं.

आमच्या वाचन मंडळात शेतकरी आहेत, एक निवृत्त ग्रंथपाल आहेत, दोन शिक्षिका आहेत, साखर कारखान्यातला एक केमिस्ट आहे. अमूर्त चित्रांबद्दल बोलणं निघालं की “पण याचा अर्थ काय?” हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत यायचा. उत्तर द्यायच्या भानगडीत न पडता एकदा आम्ही सगळे खिद्रापूरला गेलो. कोपेश्वराचं मंदिर आमच्या तालुक्यातलंच, प्रत्येकानं लहानपणापासून पाहिलेलं. बाराव्या शतकातलं शिलाहारांचं काम. मूर्ती, हत्ती, नक्षी हे सगळं बाजूला ठेवलं आणि स्वर्गमंडपात बसलो. अठ्ठेचाळीस खांब, वर मधोमध छत नाही, एक मोठं गोल मोकळं आकाश, खाली गोल शिळा. मी एवढंच म्हटलं की तासभर बसायचं आणि फक्त उजेड कुठे जातो ते बघायचं. उजेडाचा गोल फरशीवरून हळूहळू सरकत खांबाशी गेला, खांबावर चढताना लांबट झाला. केमिस्ट शेवटी म्हणाले, “याचा अर्थ विचारावासा वाटला नाही बघा.” पुढच्या बैठकीत गायतोंड्यांची छापील अमूर्त चित्रं पाहताना त्यांनी सगळ्यांत जास्त वेळ घेतला.

असा वाचक तालुक्यातालुक्यात आहे. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानात झाला, त्या संस्थानातलं हे गाव. इथल्या वाचनालयांच्या खरेदीच्या यादीत कवितासंग्रह शेवटी आणि चित्रकलेची पुस्तकं त्याहून शेवटी येतात. ‘कोण वाचतंय’ हे त्याचं ठरलेलं कारण. मी हातानं नेऊन दिलेली पुस्तकं खात्यावर चढलेली, घरोघर फिरलेली आणि कोपरे दुमडून परत आलेली पाहिली आहेत. ती वाचली जातात. कपाटात समोर लावावी लागतात, इतकंच.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता कोल्हापुरात चित्रकला शिकते. फक्कीच्या चौकोनात ती होती. अलीकडे तिच्याशी माझा वाद चालू आहे. पुस्तकातलं चित्र म्हणजे खबर, हे माझं म्हणणं तिला जुनं वाटतं. माद्रिदच्या संग्रहालयानं ‘गेर्निका’ची अतिसूक्ष्म छायाचित्रं सगळ्यांसाठी खुली केली आहेत, तिनं मोबाइलवर बोटांनी मोठं करत करत मला रंगाचा एक ओघळ दाखवला. “सर, संग्रहालयात दोरीच्या अलीकडं उभं राहून ह्यो दिसला नसता.” तिचं बरोबर आहे. माझंही म्हणणं मी सोडलेलं नाही : ओघळ दिसतो, पण साडेतीन मीटर उंचीसमोर मान वर करावी लागते ती लागत नाही. मात्र ती पुढे जे म्हणाली त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आता चित्र पूर्ण पोहोचतं आणि कविताच मोडकी पोहोचते, असं तिचं म्हणणं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या कवितेच्या ओळी स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे कुठेही तुटतात, कडव्यांमधली जागा गळून जाते, कधी कवीचं नावही गळतं. ती कविता कवीनं लिहिलेली असतेच असं नाही.

म्हणून मंडळानं ठरवलंय की फॉरवर्ड आलेली कविता बैठकीत वाचायची नाही. छापील पान समोर हवं. या महिन्यात वसंत आबाजी डहाके यांचं ‘चित्रलिपी’ घेतलंय आणि प्रत एकच आहे. त्यामुळे माझी ती विद्यार्थिनीच कोल्हापूरहून शनिवारी येते आणि निवडलेल्या कविता ड्रॉइंग शीटवर हातानं उतरवते, ओळ जिथं संपते तिथंच संपवून, मोकळी जागा मोजून.